फरशीखालची ओल

गणपती जवळ आले की कोकणातल्या घरांची डागडुजी सुरू होते. कौले शाकारली जातात, भिंतींना रंग लागतो आणि अलीकडे त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. जुन्या कोब्यावर किंवा उखडलेल्या लादीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या बसवायच्या. जुनी जमीन फोडायला नको, सिमेंटचा राडा नको. दोन कारागीर दोन दिवसांत माजघर पालटून देतात. पट्टीचा तुकडा पाण्यात बुडवून दाखवला की गिऱ्हाइकाची उरलीसुरली शंकाही फिटते. मुंबईतला चाकरमानी फोनवर रंग पसंत करतो आणि काम होऊन जाते.

पट्टी पाण्याने फुगत नाही हे खरेच आहे. हल्ली जास्त खपणारी कडक पट्टी, जिला बाजारात एसपीसी म्हणतात, ती चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांची बनलेली असते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या लॅमिनेटसारखी ती फुगत नाही, तिला वाळवीही लागत नाही. म्हणजे ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द खोटा नाही. तो फक्त पट्टीपुरता खरा आहे. घराच्या जमिनीबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि कोकणात प्रश्न असतो तो जमिनीचाच.

वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. घराचे जोते जांभ्याचे, आणि जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि दिव्याची वात तेल ओढते तशी जांभा, माती आणि सिमेंट ही ओल वर ओढतात. जुन्या घरांना हे ठाऊक होते. सारवलेली जमीन किंवा साधा कोबा ओल अडवत नाही. ती वर येऊ देतो आणि वाऱ्यावर उडून जाऊ देतो. जुलैत कोबा गार आणि दमट लागतो, दिवाळीनंतर तोच खडखडीत वाळतो. (सारवणाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांनी दर आठवड्याला गुडघ्यांवर बसून अख्खे घर सारवले आहे, हा वेगळा प्रश्न. ती मेहनत बायकांची होती आणि ती सुटली याचे वाईट वाटायचे कारण नाही.)

अशा जमिनीवर प्लास्टिकचे झाकण बसले की वाफ कोंडते. ती पट्टीच्या खालच्या अंगाला थेंबांच्या रूपाने साचते, नाहीतर कडेकडेने सरकत भिंतीच्या पायथ्याशी निघते. तिथे रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरा खार फुटतो. घरमालक दोष रंगाऱ्याला देतो. खाली मात्र बुरशीला हवे ते सगळे मिळालेले असते. ओल आहे, अंधार आहे, वारा नाही, आणि खायला धूळ, जुना गोंद, कोब्यावर राहिलेला मळ. पट्टी कुजत नाही म्हणून तिच्याखाली काही उगवत नाही, असा समज करून घेणे चूक आहे.

हा फक्त दिसण्याचा किंवा वासाचा प्रश्न असता तर त्याची चर्चा आरोग्याच्या सदरात करायची गरज नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा, खोकला, छातीत घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त आढळतात, हा त्यांतला मुख्य निष्कर्ष. बुरशी अमुक इतकी असली तर चालेल, अशी मर्यादा संघटनेने दिलेली नाही. ओलच हटवा, असे तिचे सांगणे आहे. घरातले सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारे माणूस यांचा दिवस बहुतेक जमिनीलगतच जातो, तेव्हा त्रास आधी कोणाला होणार हे उघड आहे.

त्यात कोकणातली कितीतरी घरे वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असतात. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, केर काढायलाही कोणी नाही. मे महिन्यात किंवा गणपतीला दार उघडल्यावर येणारा कुबट वास उदबत्तीने झाकला जातो आणि दोन दिवसांनी नाकाला त्याची सवय होते. सवय झाली म्हणजे बुरशी गेली असे नव्हे. अशा घरात जमीन बंद करून टाकणारी कोणतीही गोष्ट घालताना दहादा विचार करायला हवा.

दुसरी बाब रसायनांची, आणि तिथे सगळे विनाइल एका मापाने मोजून चालत नाही. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ, गुंडाळता येण्याजोगे करायला त्यात थॅलेट गटातली द्रव्ये मिसळण्याची पद्धत आहे. स्वस्त रोलमध्ये ती जास्त असण्याची शक्यता; कडक एसपीसी पट्टीच्या गाभ्याला त्यांची फारशी गरज नसते. ही द्रव्ये हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत उतरतात. स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरातल्या धुळीतली थॅलेट आणि मुलांमधला दमा व अ‍ॅलर्जी यांचा संबंध दिसून आला. संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे. तरी युरोपीय संघाने यांतल्या चार थॅलेटांवर २०२० पासून ग्राहकोपयोगी वस्तूंमध्ये कडक मर्यादा घातली. आपल्याकडे गिऱ्हाईक रंग विचारतो, भाव विचारतो. ‘यात थॅलेट आहे का’ हे कोणी विचारत नाही. विचारायला हवे, आणि उत्तर लेखी मागायला हवे.

ओलीचा आणि या रसायनांचा संबंधही आहे. सिमेंट अल्कधर्मी असते. ते ओले राहिले आणि त्यावर विनाइल किंवा त्याचा गोंद चिकटवला, की त्या अल्कलीमुळे थॅलेट आणि गोंद यांचे विघटन होऊन उग्र वासाचे एक अल्कोहोल हवेत येते. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे असे त्रास त्याच्याशी जोडले गेले आहेत. स्वीडन-फिनलंडसारख्या देशांत ओल्या काँक्रीटवरच्या फरशीची ही तक्रार चांगली परिचयाची आहे. तिथे काँक्रीट वाळायला महिनोन् महिने थांबतात. दर इंच जाडीला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात, तोही हवा कोरडी असेल तर. आपल्याकडे जुलैत कोबा ओतायचा आणि चतुर्थीच्या आधी त्यावर पट्ट्या, असा बेत सर्रास होतो. पावसाळ्यातल्या नव्वद टक्के आर्द्रतेत तो कोबा वाळणार कधी?

तेव्हा रोखठोक सांगायचे तर तळमजल्यावरच्या, जांभ्याच्या जोत्यावरच्या घरात विनाइल पट्टी ही चुकीची निवड आहे, ती कितीही महाग असली तरी. तिथे कोटा, खरबरीत पृष्ठाची सिरॅमिक टाइल किंवा नीट घोटलेला कोबाच बरा. टाइलखालीही ओल येतेच, पण सांध्यांतून थोडीफार वाट मिळते आणि वर आलेली बुरशी पुसून काढता येते. गुळगुळीत चकचकीत टाइल मात्र टाळावी. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांच्या आसपास थंड असलेल्या जमिनीवर हवेतले पाणी जमते. जमिनीला घाम सुटतो तो असा, आणि त्यावरून घसरून म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर ते दुखणे बुरशीपेक्षा भारी पडते. नवे घर बांधणाऱ्याने कोब्याच्या खालीच जाड प्लास्टिकचा अखंड थर घालून घ्यावा. त्या वेळी त्याचा खर्च किरकोळ असतो. नंतर तो घालायचा तर सगळी जमीन उकरावी लागते.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. स्लॅबखाली दुसऱ्याचे घर असते, मातीची ओल तिथवर पोचत नाही. गुडघेदुखी असलेल्या माणसाला गार टाइलपेक्षा विनाइल सुखाचे वाटते, आवाजही कमी होतो. तिथे ते खुशाल बसवावे. न्हाणीघराच्या उंबऱ्याला गळती नाही ना, हे तेवढे आधी पाहावे. नाहीतर पाणी पट्ट्यांखाली पसरत जाते आणि खालच्यांच्या छताला डाग पडेपर्यंत वरच्यांना पत्ता लागत नाही.

ज्यांना तळमजल्यावर तरीही हेच हवे आहे, त्यांनी निदान एक चाचणी करावी. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान सोळा तासांनी पाहायचे. आतून थेंब जमले किंवा खालचा कोबा गडद दिसला, तर उत्तर मिळाले. ही चाचणी तीन-चार ठिकाणी करावी आणि भर पावसाळ्यात करावी. एप्रिलमध्ये कोकणातली कोणतीही जमीन पास होते. पट्ट्या गोंदाने चिकटवण्याऐवजी एकमेकींत अडकणाऱ्या घ्याव्यात, म्हणजे वेळ आली तर उचलता येतात. चिपळूणसारख्या पुराच्या गावांत हे विशेष लक्षात ठेवावे. २२ जुलै २०२१ च्या पुरासारखा गाळ घरात शिरला, तर तो पट्ट्यांखालीही जातो, आणि सगळ्या उचलून, धुऊन, खालची जमीन वाळवल्याशिवाय गत्यंतर नसते.

शेवटी उरलेल्या तुकड्यांबद्दल. ते परसात पडून राहतात आणि एखाद्या ओल्या सकाळी लाकडे पेटत नाहीत म्हणून न्हाणीच्या चुलीत जातात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो डोळे आणि फुप्फुसे जाळतो. सोबत डायॉक्सिन तयार होतात आणि ती राखेतही राहतात. ती राख पुढे माडाच्या मुळाशी नाहीतर भाजीच्या वाफ्यात पडते. काम संपल्यावर उरलेले तुकडे परत घेऊन जाण्याची अट कारागिराला आधीच घालावी.