राजीखुशीचे खरेदीखत

कर्जापायी घर विकणाऱ्या माणसाच्या खरेदीखतात एक वाक्य सहसा चुकत नाही. कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने व पूर्ण विचारांती तो हे घर विकत आहे, असे ते वाक्य सांगते. त्याच्याच आगेमागे, कर्जफेडीसाठी व घरखर्चासाठी रकमेची निकड आहे, असेही लिहिलेले असते. निकड आणि राजीखुशी एकाच कागदावर शेजारी-शेजारी नांदतात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. कायद्यालाही ती जाणवत नाही, हा खरा चिंतेचा विषय आहे.

या विसंगतीचा विचार करण्यास पवनारइतके योग्य ठिकाण दुसरे नसावे. १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाल्यानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विनोबा धाम नदीकाठच्या आपल्या आश्रमातून दिल्लीकडे पायी निघाले. जमीन ही हवा-पाण्यासारखी आहे, ती बाजारात मांडण्याची वस्तू नव्हे, हा विचार त्यांनी देशभर नेला. पुढे ग्रामदानात तर गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकण्यावर बंधन घालण्यापर्यंत मजल गेली. त्याच पवनारपासून आता नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा आरंभ योजण्यात आला असून, जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली तेव्हा त्याची लांबी ८०२ किलोमीटर सांगितली गेली. या महामार्गाला अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी विरोध केला आणि आपली जमीन सक्तीने घेतली जात आहे असे ते उघडपणे म्हणाले. असे म्हणण्याची सोय त्यांना आहे. समोर शासन आहे, मोजणीला आलेले अधिकारी आहेत, हरकती नोंदविण्याची मुदत आहे.

शासन सक्तीने मालमत्ता घेते तेव्हा ती सक्ती आहे हे कायदा मान्य करतो आणि तिची किंमतही मोजतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला ठरविण्याची जी रीत घालून दिली तीत नोटीस आहे, सुनावणी आहे, ठरलेल्या मोबदल्याइतकीच आणखी दिलासा रक्कम आहे. बाजारभाव काढताना आसपासच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखते पाहावयाची, पण त्यांतील चढ्या किमतीची निम्मी तेवढीच हिशेबात धरावयाची, असेही हा कायदा सांगतो. दस्तात किंमत कमी दाखविण्याची आपली जुनी खोड हे त्यामागचे मुख्य कारण असले, तरी खालच्या निम्म्या खरेदीखतांतील भाव हे खरे भाव नव्हेत, अशी कबुलीच त्यात दडलेली आहे. त्या खालच्या निम्म्यात निकडीने झालेल्या विक्रीचे किती कागद असतील, याची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही.

निकडीच्या विक्रीचा हिशेब साधा आहे. तो मांडून पाहिला म्हणजे तिचे विपरीत स्वरूप ध्यानात येते. समजा, एखाद्या कुटुंबाचे गावातील घर सावकाश गिऱ्हाईक पाहून विकले तर दहा लाखांना जाईल. डोक्यावर चार लाखांचे देणे आहे आणि त्यावर शेकडा तीन रुपये दरमहा असे जबर व्याज आहे. सहा महिने थांबण्याची किंमत, म्हणजे सहा महिन्यांचे व्याज, ७२,००० रुपये होते. हेच घर पंधरा दिवसांत विकावयाचे ठरविले आणि साडेसहा लाखांना गेले, तर घाईची किंमत साडेतीन लाख रुपये पडते. सावकारी व्याजाने थांबणेही घाईने विकण्याच्या मानाने कितीतरी स्वस्त! मग माणूस थांबत का नाही? त्याला हिशेब येत नाही म्हणून नव्हे. थांबणे त्याच्या हातात नसते म्हणून. मुदत धनकोच्या हाती असते, आणि पुष्कळदा तो धनको किंवा त्याचाच एखादा माणूस गिऱ्हाईक म्हणून पुढे येतो. अशा वेळी तगादा हा वसुलीचा मार्ग राहत नाही; तो भाव पाडण्याचा मार्ग होतो.

शिवाय गाव लहान असते. कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाचे सोयाबीन पाण्यात गेले, हे साऱ्यांना ठाऊक असते. अडलेल्या विक्रेत्याची अडचण हीच गिऱ्हाइकाची जमेची बाजू ठरते. त्यात कापूस किंवा सोयाबीन बुडाल्याचे वर्ष असले की एका घरापुरती अडचण राहत नाही. विकणारे एकदम वाढतात, घेणारे तेवढेच राहतात किंवा कमी होतात. मुंबई-पुण्यातल्या सदनिकेला बाहेरगावचे गिऱ्हाईक मिळू शकते. गावठाणातल्या घराचे गिऱ्हाईक बहुधा त्याच गावात, फार तर तालुक्यात असते.

कायद्याने कर्जदाराच्या घरासाठी काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट बरेच केले आहे, आणि गुंतागुंत नेमकी तेथेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याचे राहते घर हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जप्त करता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हे संरक्षण मजुराला व घरगड्यालाही मिळाले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार विनापरवाना सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामाच मिळू शकत नाही. उलट त्याला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्याच वर्षी परवानाधारक सावकारांसाठी कमाल दर ठरले: शेतकऱ्यांना तारणावर वर्षाला ९ व विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ व १८ टक्के. कागदावर याहून अधिक काय हवे? पण ज्याला न्यायालयाचे दार बंद आहे आणि ज्याला घर जप्त करून घेता येत नाही, अशा धनकोपुढे एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे कर्जदाराने स्वतः होऊन, राजीखुशीने, घर त्याच्या नावे लिहून देणे. जप्तीपासून दिलेल्या संरक्षणाने धनकोला खरेदीखताकडे वळविले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. आणि एकदा खरेदीखत झाले की संरक्षण देणारी ती सारी कलमे मूग गिळून बसतात.

हे दुखणे जुने आहे. १८७५ साली सुपे येथे आणि पुणे-नगरकडच्या इतर गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. कागदावरची रक्कम प्रमाण न मानता देण्याघेण्याचा मागचा इतिहास तपासण्याची मुभा त्याने न्यायालयांना दिली. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. येथे १९३३ साली ऋण समझोत्याचा कायदा आला आणि मंडळांसमोर धनको व ऋणको यांना समोरासमोर बसविण्याचा प्रयत्न झाला. मात्र १९२९ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात झालेली एक दुरुस्ती कर्जदाराला फार महाग पडली. पैसे परत केले तर घर परत लावून देऊ, ही अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानावयाचा नाही, असे त्या दुरुस्तीने ठरविले. तेव्हापासून चतुर सावकार ती अट वेगळ्या कागदावर लिहितो, किंवा तोंडीच सांगतो. खरेदीखताबरोबर भाडेचिठ्ठी करून घेतो आणि घरमालकाला त्याच्याच घरात भाडेकरू म्हणून राहू देतो. भाडे म्हणून दरमहा दिली जाणारी रक्कम म्हणजे व्याज असते, हे दोघेही जाणतात.

असे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले आहे. १९५३ साली एका स्त्रीने २,००० रुपयांच्या कर्जासाठी घराचे नाममात्र खरेदीखत आणि त्यासोबत भाडेचिठ्ठी लिहून दिली होती. तो दस्त खरा करण्याचा उभयतांचा हेतूच नव्हता, हे दाखविण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला आणि निकाल तिच्या बाजूने लागला. निकालाचे वर्ष होते १९८१. दोन हजार रुपयांच्या व्यवहारातील सत्य सिद्ध होण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. निकडीने गांजलेल्या माणसाने तो मार्ग धरावा, असे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे?

२०१४ च्या कायद्याच्या कलम १८ ने याहून जवळचा मार्ग काढला. सावकारीच्या ओघात तारण म्हणून घर किंवा जमीन खरेदीखताने बळकावली गेली असेल, तर ठराविक मुदतीत अर्ज आल्यास जिल्हा उपनिबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि ताबा परत देववू शकतात. ही तरतूद स्वागतार्ह आहे यात शंका नाही. पण ज्या अधिकाऱ्याच्या गळ्यात सहकारी संस्था, पतसंस्था आणि बाजार समित्या यांचे सारे तंटे आधीच बांधलेले आहेत, त्याच्याकडेच हे न्यायदानाइतके नाजूक काम सोपविले गेले. आणि अर्ज विक्रीनंतरच करावयाचा असतो, घर गेल्यावर.

तुलनेने बँकेचा लिलाव अधिक सभ्य म्हणावा लागतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयाबाहेर तारण विकण्याचा अधिकार दिला, त्याची धास्ती मोठी आहे. तरीही तेथे प्रथम साठ दिवसांची नोटीस, मग मूल्यमापकाकडून मूल्यांकन, राखीव किंमत, आणि विक्रीनंतर देणे भागवून उरलेली रक्कम कर्जदाराला परत, असा क्रम आहे. लिलावात घर मातीमोल जाण्याआधी त्या साठ दिवसांत स्वतः विकणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. खाजगी धनकोचा कर्जदार या साठ दिवसांनाही पारखा असतो.

मग तो बँकेकडे का जात नाही, असा प्रश्न शहरी वाचक विचारील. गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो कर आकारणीची नोंद सांगतो, मालकी सिद्ध करीत नाही. त्यामुळे त्या घरावर बँक कर्ज देण्यास कचरते. घर विकता येते, पण तारण ठेवता येत नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच कारणाने मोलाचे. मात्र पत्रिका हातात आली तरी कर्ज देणारी जवळची संस्था धड हवी. वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा पैसा २००२ च्या होम ट्रेड प्रकरणात अडकला आणि २०१२ साली रिझर्व्ह बँकेने तिला परवाना नाकारला. गावच्या सेवा सोसायटीमागे उभी राहणारी बँकच डळमळली, तेव्हा ती जागा कोणी भरून काढली असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

कर्जमाफ्यांचा येथे फारसा उपयोग झाला नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये वर्धा हा सहा जिल्ह्यांपैकी एक होता. २००८, २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांचा लाभही येथे पोचला. पण त्या सगळ्या मुख्यतः संस्थांकडील शेतीकर्जाच्या होत्या. २०१५ साली राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील सावकारी कर्जे फेडण्याचे ठरविले, तीही परवानाधारक सावकारांकडील. ज्याच्याकडे वहीच नाही, त्याचे कर्ज माफ कसे करणार? आणि घर विकावयास लावणारी देणी पुष्कळदा शेतीची नसतात, दवाखान्याची असतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविम्याची योजना चालविली. पायलीभर ज्वारीने घर वाचू शकते, हा विचार मोठमोठ्या पॅकेजांपेक्षा अधिक अर्थशास्त्रीय होता.

राहते घर विकूच नये असा निर्बंध घालणे हा यावरचा उपाय नव्हे. तसे केले तर त्या घराची उरलीसुरली पतही जाईल आणि व्यवहार अधिकच अंधारात होतील. प्रश्न वेळेचा आहे, म्हणून उपायही वेळेचाच हवा. राहत्या घराच्या खरेदीखतात विक्रेत्याचे घेणाऱ्याशी वा त्याच्या नातेवाइकांशी देणेघेणे आहे काय, हे दुय्यम निबंधकांपुढे लिहून घेणे सक्तीचे करावे. असल्यास तो दस्त सहा महिने कच्चा समजावा आणि त्या मुदतीत ठरलेल्या व्याजासह पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्क विक्रेत्याला द्यावा. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यापेक्षा दस्तातली किंमत कमी असली तरी मुद्रांक शुल्क त्या तक्त्याप्रमाणेच वसूल केले जाते. म्हणजे व्यवहार भावापेक्षा खाली झाला हे शासनाला त्याच क्षणी कळते. आपल्या महसुलाचे नुकसान टाळण्यासाठी वापरली जाणारी ही माहिती जिल्हा उपनिबंधकांकडे आपोआप पाठविण्यास वेगळा खर्च येणार नाही. सहा महिने निभावून नेण्यापुरते कर्ज मिळकत पत्रिकेवर देण्याची योजना मात्र बँकांना आखावी लागेल, आणि तीत शासनाला हमी द्यावी लागेल. बेघर झालेल्या कुटुंबाला नवे घरकुल बांधण्यासाठी २०१६ च्या योजनेत सपाट प्रदेशात १,२०,००० रुपयांचे अनुदान ठरले. वर मांडलेल्या हिशेबातल्या कुटुंबाने पंधरा दिवसांत याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम गमावलेली असते.