जुन्या भिंतींवर नवा स्लॅब

जालन्याच्या जुन्या वस्तीत धाबे गळू लागले म्हणजे घरधनी गवंड्यास बोलावितो. धाब्याची माती उतरते, मधले सागवानी खांब अडचण म्हणून निघतात, आणि जो भार ते वाहत होते तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर सिमेंटच्या स्लॅबच्या रूपाने येऊन बसतो. हे सारे ‘दुरुस्ती’ या निरुपद्रवी नावाखाली घडते. नव्या घरास नकाशा लागतो हे घरधन्यास ठाऊक असते. दुरुस्तीस नियम कसला, असा त्याचा उलट प्रश्न!

या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यास १९९३ सालीच मिळाले आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी व भोवतालच्या गावांत सुमारे ८,००० माणसे गेली, ती बहुतांशी स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. भिंती जाड होत्या. परंतु आतला व बाहेरचा थर सांधणारा दगड त्यांत नसल्याने दोन्ही थर फुगून अलग झाले. जेथे छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे मात्र भिंती ढासळूनही पुष्कळ ठिकाणी खण उभा राहिला. आपण अडगळ म्हणून विकतो तो हाच खांब होय. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीस, चार फुटांहून अधिक अंतर न सोडता, आरपार दगड बसवावा असे भारतीय मानक १३८२८ सांगते. यात गवंड्यास न समजण्याजोगे काय आहे?

भूकंप काही रोज होत नाही, असे कोणी म्हणेल. पण घर पडावयास भूकंपच लागतो असे नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची इमारत कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावरील फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता.

गिलावा, रंग, फरशी यांस परवानगी लागत नाही, व लागू नये. खांब, तुळई किंवा नवा मजला यांस मात्र १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये ती घेतलीच पाहिजे. तथापि दोष एकट्या घरधन्याचा नव्हे. नियमांचे जाडे पुस्तक गवंड्याच्या हाती कधी पडतच नाही. ज्या जालन्याची सळई गावोगावी जाते, तेथेच ती किती व कोठे घालावी हे अंदाजावर सोडले जावे, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. महानगरपालिकेने व ग्रामपंचायतींनी सोप्या मराठीत, आकृत्यांसह, चार पानांची पुस्तिका काढून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गवंड्यास द्यावी, आणि दुरुस्तीच्या अर्जाचा निकाल पंधरा दिवसांत लावावा.