आरसी बुकाशी जुळते. पण घाटात थांबते का?

डिसेंबर २०२१ मधला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून मुलासाठी छोटी जीप बनवली होती. दुचाकीसारखी किक मारायची, की गाडी सुरू. खर्च साधारण ६०,००० रुपये. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि सोबत हेही सांगितलं, की ही गाडी नियमात बसत नाही, यंत्रणा आज ना उद्या ती अडवणारच. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही.

गोष्ट गोड झाली, प्रश्न मात्र तसाच राहिला. हाताला कला आहे, पण तिला रस्त्यावर यायला दार नाही. आणि तुमच्या-माझ्या गाडीसाठी कुणी उद्योगपती ट्विट करणार नाही.

आपल्या भागात लोखंडाशी दोस्ती जुनी आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, साताऱ्यात कूपरचा कारखाना उभा राहिला, मिरज-कुपवाडला फाउंड्री आल्या. त्यामुळे इंजिन उतरवणारा, गिअरबॉक्स बसवणारा हात इथे गल्लीत सापडतो. कॉलेजच्या पार्किंगमध्येही विषय तोच असतो: कुणाला जुनी गाडी खाली बसवायचीय, कुणाला इंजिनच बदलायचंय.

आता कायदा बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात शिक्षाही वाढली: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा बॅटरी किटला वाट आहे. पण सस्पेन्शन, गिअरबॉक्स किंवा वेगळं इंजिन स्वतः बसवलं, तर ते तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारी खिडकी सर्वसामान्य माणसासाठी नाही. पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, पण तिथली मान्यता असते कंपनीच्या मॉडेलला किंवा किटला. तुमच्या एकट्या गाडीला नाही.

कायद्याची बाजू चुकीची नाही. कंपनीने जे मॉडेल तपासून घेतलं, ते तुम्ही बदललंत तर ती तपासणी लागू राहत नाही. हे नीट कळायला एक उदाहरण घेऊ.

समजा, आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड पत्र्याखाली उभी आहे. मूळची ब्रिटनच्या ट्रायम्फची ही गाडी १९६१ पासून मद्रासमध्ये बनू लागली. हिचीच चॅसी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. दोघींचं मागचं सस्पेन्शन एकाच जातीचं, स्विंग ॲक्सल. वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की मागचा भाग उचलला जायचा, चाकं आत दुमडायची आणि पकड सुटायची. १९७० च्या स्पिटफायरमध्ये मागच्या स्प्रिंगची रचना बदलून ट्रायम्फने हा दोष बराच कमी केला. म्हणजे सस्पेन्शन बदलणं हे काही पाप नाही. कंपनीही बदलते, पण बदलून मोजते. आपण बदलतो आणि रील टाकतो.

मोजायचं म्हणजे काय? पुढच्या स्प्रिंगची आठ वेटोळी असतील आणि तुम्ही दोन कापलीत, तर ती जवळजवळ एक तृतीयांशाने कडक होते. शॉकअब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाचाच राहतो. चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते, खड्ड्यात गाडी आपटते, टायर एका बाजूने झिजतात. तसंच इंजिनचं. दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तरी डिफरन्शियल, जॉइंट आणि ड्रम ब्रेक जुनेच. खंबाटकी उतरताना ६० ऐवजी ९० चा वेग असेल, तर ब्रेकना जिरवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते. तापलेले ड्रम ब्रेक शेवटच्या वळणावर दगा देतात, तेव्हा समोर एसटी असू शकते.

मग जुनी गाडी मूळ रूपातच ठेवायची? त्यासाठी २०२१ चे व्हिंटेज नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेली गाडी यात येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. म्हणजे गाडी एकतर प्रदर्शनात ठेवा, नाहीतर कायद्याबाहेर चालवा. नीट मोजून, चांगले ब्रेक लावून गाडी सुधारणाऱ्याला तिसरा रस्ताच नाही.

इतर देशांत तो आहे. जर्मनीत बदल केलेली गाडी तपासणी संस्थेकडे न्यायची. पास झाली तर बदलाची नोंद कागदपत्रांत होते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं गुणपद्धत वापरली गेली: मूळ चॅसीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअर यंत्रणा आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनला एक. आठ गुण राखले तर गाडीची ओळख कायम. त्याहून जास्त बदलली तर एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी.

आपल्याकडे प्रश्न एकच विचारला जातो: गाडी बुकाशी जुळते का? त्यामुळे कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि विचारपूर्वक बसवलेले डिस्क ब्रेक एकाच रांगेत उभे राहतात. लपूनछपून काम करणाऱ्या गॅरेजला मग मोजमापाची गरजच वाटत नाही. बंदीने बदल थांबत नाहीत, फक्त तपासणी थांबते.

मागणी साधी आहे. आरटीओने शुल्क घ्यावं, ब्रेक, स्टिअरिंग, धूर आणि आवाज तपासावा, आणि पास झालेला बदल आरसीवर लिहावा. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी यांसारख्या कॉलेजांतल्या मेकॅनिकलच्या पोरांना यात खरं काम मिळेल. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर अशा तपासणीचा आराखडा करून परिवहन खात्याला पाठवा.

आणि तोवर? स्प्रिंगला कटर लावू नका. झिजलेले बुश, शॉकअब्सॉर्बर, ब्रेक लाइन मूळ मापाच्या नव्या घाला. अर्ध्याहून जास्त जुन्या गाड्या एवढ्यानेच सुधारतात, असं कुठलाही अनुभवी मिस्त्री सांगेल. काही बदलायचंच असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. इंजिन बदलून, गाडी खाली बसवून बघायची हौस कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये भागवा. तिथे बंद ट्रॅक असतो, आणि ट्रॅकवर जाण्याआधी गाडी तपासणारा परीक्षकही असतो.