परिसंवाद त्यांचा, शिवार आमचे



सध्या वातानुकूलित सभागृहांत कार्यशाळांचा हंगाम जोरात आहे. विषय एकच : कृत्रिम बुद्धिमत्तेने संशोधन आणि उद्योग कसे बदलतील? टेबलाभोवती प्राध्यापक, कंपनीचा माणूस, खात्याचा साहेब. शेतकरी असतो तो पडद्यावरच्या चित्रात, फेटा बांधून हसणारा.

या विद्येचे बारसेच मुळात एका कार्यशाळेत झाले. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी आदी मंडळी जमली. दहा माणसांनी दोन महिने बसायचे, असा मूळ प्रस्ताव होता. तिथे सारे शास्त्रज्ञच होते, ते ठीकच होते. यंत्र विचार कसा करील एवढाच तेव्हाचा प्रश्न. आजचा प्रश्न यंत्र कोणाच्या बाजूने विचार करणार हा आहे, आणि खुर्च्या मात्र जुन्याच हिशोबाने मांडल्या आहेत.

गैरसमज नको. आमचे यंत्राशी वैर नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने उसावर प्रयोग मांडला. उपग्रहाची चित्रे, जमिनीतला ओलावा मोजणारी उपकरणे आणि हवामान केंद्र यांची सांगड घालून पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे ते सांगायचे. पाणी वाचून टनेज वाढत असेल तर ते कोणाला नको आहे? राज्य सरकारनेही १७ जून २०२५ ला महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी रुपये. चांगले आहे.

पण टनेज वाढले की घरात पैसा येतो, हे यांना कोणी सांगितले? २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी ठरली टनाला ३,५५० रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा काढणार कारखाना, वजन करणार कारखाना. शेतातल्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारे हे यंत्र कारखान्याच्या वजनकाट्यापाशी आले की आंधळे का होते? फडात ऊस किती उभा आहे याचा अंदाज उपग्रह देतो, तर तो अंदाज वजनपावतीशेजारी ठेवून पाहायला हरकत कोणाची? पीकविम्यात हे चालते. २०२३ च्या खरिपापासून उत्पन्न ठरवताना उपग्रहावर आधारलेल्या अंदाजाला निदान ३० टक्के वजन द्यायचे ठरले, आधी भात आणि गहू यांच्यासाठी. म्हणजे आमची भरपाई ठरवायला उपग्रह विश्वासू, आमचा माल मोजायला मात्र नाही!

आणि भावाचे भाकीत? ते तर हसण्यासारखे आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, लगोलग कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा धरून सात शेतीमालांचे वायदे बंद करून झाले होते. यातली कोणती अधिसूचना कोणत्या यंत्राला आधी दिसली? करप्याचा ठिपका आकाशातून ओळखता येईल, दिल्लीचा फतवा ओळखता येत नाही. पुढच्या कार्यशाळेत कोणा विद्वानाने यावर निबंध वाचावा, आम्ही टाळ्या वाजवू.

माहितीचा मामला याहून गंभीर आहे. शेत आमचे, ओलावा आमच्या मातीचा, आणि आकडे साठणार दुसऱ्याच्या यंत्रात. तालुक्यात माल किती येणार हे व्यापाऱ्याला आणि कारखान्याला आमच्या आधी कळले, तर सौदा होण्यापूर्वीच आम्ही हरलो. बियाण्याची पिशवी आम्ही पैसे मोजून आणतो. मग आमच्या शिवाराची माहिती फुकट का न्यावी?

तेव्हा जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा आहे. शेतीच्या माहितीवर चालणारी कार्यशाळा राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या विद्यापीठांत व्हावी, मराठीत व्हावी आणि तिथे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी बसावेत. शेतातून नेलेल्या प्रत्येक आकड्याची प्रत शेतकऱ्याला मिळावी आणि त्याच्या सहीशिवाय ती तिसऱ्याला देऊ नये. वजनकाट्याचा मुद्दा वर आलाच आहे. ऊसवाल्यांनी गेल्या हंगामाच्या वजनपावत्या बैठकीला येताना सोबत आणाव्यात.