इन्सुलिन पंपासाठी जमीन गहाण टाकावी का?

‘‘मॅडम, अर्धा एकर गहाण टाकली तर पंप येतो. टाकू का?’’

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून दर दोन महिन्यांनी माझ्याकडे येणाऱ्या वडिलांनी गेल्या भेटीत हे विचारलं. मुलगी ११ वर्षांची. सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. म्हणजे शरीरानं स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या. गोड खाल्ल्यानं होणारा हा आजार नाही आणि पथ्यानं जाणाराही नाही. तिला दिवसातून चार इंजेक्शनं घ्यावी लागतात. आई रात्री दोनचा गजर लावून झोपायची, उठून लेकीच्या बोटाला टोचून साखर बघायची. जूनमध्ये एका रात्री गजर वाजला, पण फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. साडेतीनला जाग आली तेव्हा पोर घामानं भिजून बरळत होती. साखर ३९. ग्लुकोजचं पाणी घोटघोट पाजल्यावर ती सावरली. तेव्हापासून आई गजर लावत नाही. ती झोपतच नाही.

वडिलांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात ‘कृत्रिम स्वादुपिंड’ असा शब्द होता. सुईची कटकट नाही, काळजी नाही, सगळं आपोआप. या शब्दाशी माझं भांडण आहे, पण यंत्राशी नाही, हे आधीच सांगते.

यंत्र म्हणजे खरं तर तीन वस्तू. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला सेन्सर त्वचेखालच्या द्रवातलं ग्लुकोज दर काही मिनिटांनी मोजतो. पंप एका बारीक नळीतून किंवा थेट अंगावर चिकटून थेंबथेंब इन्सुलिन सोडतो. या दोघांच्या मधे गणित बसलेलं असतं. साखर कुठे चालली आहे याचा अंदाज घेऊन ते इन्सुलिन वाढवतं, कमी करतं किंवा थांबवतं. अशा प्रकारच्या पहिल्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१६ मध्ये परवानगी दिली. त्याच्या पुढच्या पिढीची यंत्रं आता भारतातही मिळतात.

त्यांचा उपयोग होतो का? होतो, आणि चांगला होतो. अमेरिकेत १६८ जणांवर सहा महिने चाललेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर ७० ते १८० या पट्ट्यात राहण्याचा काळ यंत्र वापरणाऱ्यांमध्ये ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. ज्यांच्याकडे सेन्सर आणि साधा पंप होता, पण मधलं गणित नव्हतं, ते ५९ टक्क्यांवर होते तिथेच राहिले. हा फरक म्हणजे रोजचे जवळपास अडीच तास. डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांच्या दृष्टीनं ही मोठी कमाई आहे. आणि सर्वात ठळक सुधारणा दिसली ती रात्री. ते साहजिकच आहे, कारण रात्री माणूस जेवत नाही, पळत नाही, चिडत नाही. गणिताला शांतपणे काम करता येतं.

हे तंत्रज्ञान पुढे ढकलण्यात रुग्णांचा हात मोठा आहे. अमेरिकेतल्या डेना लुईस यांना टाइप १ मधुमेह आहे. सेन्सरचा इशारा झोपेत ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार होती. २०१३ मध्ये त्यांनी तो आवाज मोठा करण्याची खटपट सुरू केली आणि त्यातून चक्क घरच्या घरी चालणारी स्वयंचलित व्यवस्था उभी राहिली. २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. गंमत म्हणजे त्यासाठी जुने पंप लागायचे, कारण त्यांच्या सुरक्षेत एक भोक होतं आणि त्यातूनच बाहेरून हुकूम देता येत होता. कंपनीला जो दोष वाटावा, तोच इथे उपयोगी पडला.

आता ‘आपोआप’ या शब्दाकडे येते. निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात सोडतं आणि ते काही मिनिटांत काम करून संपतं. पंपाचं इन्सुलिन त्वचेखाली जातं. जलद म्हणवणारं इन्सुलिनही भरात यायला तासभर घेतं आणि मग तीन-चार तास रेंगाळतं. सेन्सरही रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. वरणभाताची साखर वर चढू लागल्यावर यंत्र धावतं, पण गाडी सुटलेली असते. म्हणून बहुतेक यंत्रांना जेवणाआधी सांगावं लागतं, की मी आता इतकी कर्बोदकं खाणार आहे. एका मध्यम फुलक्यात साधारण १५ ग्रॅम. आणि पुरणपोळीत? पोळी किती मोठी आणि पुरणात गूळ किती, त्यावर अवलंबून. त्यावर तूप पडलं की साखर उशिरा चढते. हा हिशेब यंत्र करत नाही, आई करते.

दुसरी अडचण ब्रेकची. साखर घसरली तर शरीर ग्लुकागॉन सोडून ती वर खेचतं. बाजारातल्या बहुतेक यंत्रांत फक्त इन्सुलिन असतं. ती इन्सुलिन देणं थांबवू शकतात, दिलेलं परत घेऊ शकत नाहीत. मुलगी खो-खो खेळायला उतरली तर खिशात ग्लुकोजची पुडी हवीच.

तिसरी गोष्ट घरात कोणी सांगत नाही, म्हणून मी ती मुद्दाम सांगते. पंपावर असलेल्यांच्या अंगात दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन नसतं. नळी दुमडली, आत शिरलेली टोकाची भाग निसटली, बॅटरी संपली, तर काही तासांत साखर भडकते आणि कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका सुरू होतो. २०२४ मध्ये अमेरिकेत एका पंपाच्या मोबाइल अ‍ॅपमधल्या चुकीमुळे पंपांच्या बॅटऱ्या भराभर उतरल्या आणि ते अ‍ॅप दुरुस्त करून नव्यानं द्यावं लागलं. त्यामुळे इंजेक्शनचं पेन घरात राहणारच, आणि ते वापरण्याची सवयही.

एवढं असूनही ज्यांना परवडतं त्यांना मी हे यंत्र घ्या म्हणते. माझ्याकडची एक मुलगी वसतिगृहात राहून इंजिनीअरिंग करते. तिच्या आईला वर्षभरात रात्री एकही फोन करावा लागलेला नाही. पण एक चूक माझीही आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला उत्साहानं यंत्राकडे ढकललं. पंपाचे पैसे नातेवाइकांनी मिळून भरले. चार महिन्यांनी सेन्सर घेणं बंद झालं आणि सेन्सर नसला की गणित आंधळं. मग नळ्या आणणंही थांबलं. तो पंप आज त्यांच्या कपाटात आहे आणि मुलगा पुन्हा इंजेक्शनांवर. मी पंपाची किंमत विचारली होती, पुढच्या महिन्याची विचारली नव्हती.

कारण खरा खर्च तोच आहे. पंप काही लाखांना एकदा येतो. सेन्सर एक-दोन आठवड्यांनी संपतो, नळी दोन-तीन दिवसांनी बदलायची, आणि हे जन्मभर. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये ‘नाइस’ या संस्थेनं टाइप १ असलेल्या सर्व मुलांना ही यंत्रं सरकारी आरोग्यसेवेतून द्यावीत असं ठरवलं. कंपन्यांशी दर ठरवले, पाच वर्षांचा कार्यक्रम आखला. तिथे बापाला सातबारा काढावा लागत नाही. आपल्याकडे हा खर्च घरचा, आणि अनेक मुलांना अजून रोज साखर तपासायला पुरेशा पट्ट्याही मिळत नाहीत. साखर नीट सांभाळली की डोळे-मूत्रपिंडांचं नुकसान टळतं, हे अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासानं १९९३ मध्ये सिद्ध केलं, त्यात असा एकही सेन्सर नव्हता. बोटाला टोचणं, दिवसातून तीन-चार इंजेक्शनं किंवा साधा पंप, आणि पाठीशी सतत उभा असलेला चमू, एवढंच होतं. पट्ट्या, चांगलं इन्सुलिन आणि शिकवणारी नर्स प्रत्येक जिल्हा रुग्णालयात द्या, ही मागणी मला पंपाच्या आधीची वाटते. स्वयंचलित यंत्राच्या बातम्यांच्या गर्दीत ती मागे पडते, याचा मला राग येतो.

‘‘जमीन गहाण टाकू नका,’’ मी त्या वडिलांना म्हटलं. आधी नुसता सेन्सर लावू. तो इन्सुलिन देणार नाही, पण साखर ८० च्या खाली जाऊ लागली की फोन वाजवेल. महिनाभर जमत नसेल तर दोन आठवडे लावा, उरलेल्या दोन आठवड्यांत रात्री दोनचं टोचणं सुटणार नाही. तोवर कर्बोदकांचा हिशेब मुलीला स्वतःला येऊ दे. वर्षभर हा खर्च घराला झेपला, तर पंपाचं बोलू. वडील गप्प झाले. त्यांना होकार हवा होता, हे मला दिसत होतं.

आई इतका वेळ काही बोलली नव्हती. तिनं एकच विचारलं, ‘‘त्याचा आवाज केवढा असतो?’’

मी माझ्या फोनवर तो इशारा वाजवून दाखवला. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून आत डोकावली. ‘‘अजून एकदा वाजवा,’’ ती म्हणाली.