शेतकऱ्याला बोल लावण्याआधी कारखाने दाखवा

भारत जगातली चौथी अर्थव्यवस्था की पाचवी, यावर तासन्‌तास घसा कोरडा करणाऱ्यांनी एकदा माणशी हिशेब मांडून पाहावा. १४० कोटींनी भागलं की आपलं उत्पन्न जगाच्या सरासरीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास येतं. तरीही क्रमांकाचा अभिमान ज्याला बाळगायचा त्याने बाळगावा. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. अशा प्रत्येक चर्चेत कुणीतरी अर्थतज्ज्ञ हमखास म्हणतो, आपल्या शेतीत माणसं फार झाली, ती बाहेर पडली पाहिजेत. बाहेर पडून जायचं कुठे, हे तो सांगत नाही. ठिकाण न सांगता घर सोडायचा सल्ला देणं ही लबाडी आहे आणि गेली कित्येक वर्षं ती आपण शहाणपण म्हणून ऐकून घेतो आहोत.

आकडे त्याचे बरोबर आहेत. देशातले जवळपास ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि त्यांच्या वाट्याला देशाच्या उत्पन्नातला १८ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा येतो. म्हणजे शेतीबाहेरचा माणूस शेतीतल्या माणसाच्या जवळजवळ चौपट उत्पन्न काढतो. जगात शेतीवर सरासरी चौथा हिस्सा माणसं आहेत. चीनमध्ये १९७८ साली दहातले सात जण शेतीत होते, आज चौथ्या हिश्शाहूनही कमी आहेत. ती माणसं हवेत विरली नाहीत. त्यातली पुष्कळ कारखान्यात गेली.

आपल्याकडे उलटी गंगा वाहिली. २०१८-१९ मध्ये शेतीवर ४२.५ टक्के लोक होते. करोनात शहरांनी हाकलून दिलेली माणसं गावी परतली आणि २०२३-२४ मध्येही हा आकडा ४६.१ होता. वाढलेल्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत, त्यातल्या कितीतरी घरच्याच शेतात बिनपगारी राबतात. सरकारी भाषेत त्यांना ‘रोजगार’ मिळाला!

देशाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा हिस्सा २५ टक्क्यांवर नेऊ, असं २०११च्या धोरणात लिहिलं होतं. २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’चा सिंह आला तेव्हाही हाच आकडा सांगितला. सरकारं दोन, वचन एक, आणि दोघांनीही ते मोडलं. आजही हा हिस्सा १५ टक्क्यांच्या आगेमागे घुटमळतो आहे. चीन आणि व्हिएतनाममध्ये तो चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे. माहिती तंत्रज्ञानाचं म्हणाल तर त्याचं कौतुक मलाही आहे. पण त्यात काम करणारे २०२३-२४ मध्ये ५४ लाख, आणि देशात कामकरी ५५ कोटींहून जास्त. शंभरात एकसुद्धा नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला त्या काचेच्या इमारतीत कोणतं काम देणार आहात?

मी विदर्भातला आहे, म्हणून कापसाचंच सांगतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. सूतकताई आणि कापाकापीतली तूट सोडली तरी त्यातून शंभरेक शर्ट होतात. पाचशे रुपयांचा साधा शर्ट धरला तरी हा माल पन्नास हजारांचा झाला. शेतकऱ्याला त्या क्विंटलचे हमीभावाने, २०२५-२६ च्या हंगामात, ८,११० रुपये. तेही ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर. त्यावर गेला की कपात आणि १२च्या पुढे गेला की कापूस परत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खरेदी केंद्रावर मी गाड्यांच्या रांगेत उभा होतो. ओलाव्याचं यंत्र गाडीत खुपसलं, कर्मचारी म्हणाला, ‘चौदा आला भाऊ, घेऊन जा.’ त्या माणसाने गाडीचं भाडं भरलं होतं, वेचणीचे किलोमागचे पैसे रोखीने दिले होते. तो रांगेतून निघाला आणि फाटकाबाहेरच्या खासगी व्यापाऱ्याकडे मिळेल त्या भावाला माल घालून आला.

उरलेले चाळीसेक हजार कुणाच्या हाती जातात? कातणाऱ्याच्या, विणणाऱ्याच्या, रंगवणाऱ्याच्या, शिवणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या. यातलं काय आहे आमच्या तालुक्यांत? जिनिंग-प्रेसिंग. सरकी वेगळी करायची, गाठी बांधायच्या आणि ट्रकवर चढवून कोइंबतूर-तिरुपूरच्या वाटेला लावायच्या. नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस इथे पिकतो म्हणून. ती मिल गेली, पुलगावची गेली. मुंबईत १९८२चा संप झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. संपाला दोष देणारे खूप भेटतात. जमिनीच्या भावावर डोळा ठेवून गिरण्या मरू देणाऱ्यांना दोष देणारा क्वचित भेटतो.

बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. ते रुई आणि सूत बाहेरून आणतात, आपल्याकडूनही घेतात, आणि आपल्या दुपटीहून जास्त किमतीचे तयार कपडे निर्यात करतात. त्यांना युरोपात जकात लागत नाही, हे खरं. तिथे २०१३ साली राणा प्लाझा कोसळून अकराशेवर कामगार मेले, हेही खरं. तसले कारखाने मला नकोत. पण लाखो बायकांना पगार देणारा उद्योग त्यांनी उभा केला आणि शेतभर कापूस असून आपण नाही केला, हे त्याने खोटं ठरत नाही.

वर शेतकऱ्यालाच ऐकवतात की तुझं उत्पादन कमी. आहेच कमी! हेक्टरी रुई जगाच्या सरासरीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. विदर्भाचा कापूस पावसावर आहे. बोंडअळी जुन्या बीटी बियाण्याला पुरून उरली आणि २००६ नंतर नवं तंत्र शेतकऱ्याच्या हाती अधिकृतपणे दिलंच नाही. हे निर्णय शेतकऱ्याने घेतले नव्हते. भाव वाढू लागले की सरकारचा हात पुन्हा त्याच्याच खिशात. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काने कापडउद्योग अडचणीत आला, तेव्हा कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ झालं, म्हणजे नेमकं आमचा कापूस बाजारात येतो त्या महिन्यांत. उद्योगाला मदत जरूर करा. ती सरकारी तिजोरीतून करा, पऱ्हाटीच्या सरीतून नको.

अमरावतीच्या कापडउद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. हजार एकर जमीन आहे. ते उभं राहावं, मनापासून वाटतं. पण कोनशिला आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल, कर्जमाफीचं बोलेल. ऐकून घ्या, पण मग विचारा: गेल्या पाच वर्षांत या तालुक्यात किती जणांना कारखान्यात पगारी काम मिळालं? आकडा सांगता आला नाही, तर त्याला मत देऊ नका.