स्वगत शोधायचे कुठे?

महाविद्यालयीन नाट्यवर्तुळात दरवर्षी एक मागणी हमखास होते : ‘सर, ऑडिशनसाठी एखादं चांगलं स्वगत सांगा ना.’ भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात तिला वेगळीच निकड असते. कुणाला महाविद्यालयाच्या एकांकिकेत भूमिका हवी असते, तर कुणाला मुंबई विद्यापीठात २००३ साली सुरू झालेल्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये प्रवेश. हाती असतात दोन-तीन मिनिटे. आपले उत्तरही ठरलेले असते : मुलांना ‘नटसम्राट’मधले बेलवलकर, मुलींना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे. या उत्तरावर माझा आक्षेप आहे, आणि तो केवळ पुनरुक्तीच्या कंटाळ्यातून आलेला नाही.

शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. बेलवलकर हा निवृत्त नट. जन्मभर नाटककारांची वाक्ये बोलून त्याची घरगुती भाषाही भरजरी झालेली आहे. त्या भाषेआडून बेघर झालेला म्हातारा दिसला, तरच तिला अर्थ. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून मात्र बहुधा डॉ. श्रीराम लागू किंवा २०१६ च्या चित्रपटातले नाना पाटेकर ऐकू येतात. बेणारेचे शेवटचे भाषण तर त्याहून कठीण. तेंडुलकर तिला बोलू देतात, पण ऐकणारा देत नाहीत. भोवतीची माणसे त्या वेळी गोठलेली असतात. हे न ओळखता सादर केलेल्या भाषणात उरते ते फक्त रडणे.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपण त्यांच्या हाती नाटक न देता त्यातले पान देतो. वास्तविक, स्वगत शोधणे हे वाङ्मयाच्या वाचनाचेच काम आहे. पात्र कोणाशी बोलते आहे, त्याला समोरच्याकडून काय हवे आहे आणि ते काय बोलायचे टाळते आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे संपूर्ण संहिता वाचल्याशिवाय मिळत नाहीत. ती शोधू लागले की प्रसिद्ध भाषणांपलीकडचे उतारे दिसू लागतात. त्याच नाटकाच्या आरंभी बेणारे सामंतशी मोकळेपणाने, थट्टेच्या सुरात बोलते. त्या बोलण्यात खेळकरपणा आहे आणि त्याखाली दडलेली अस्वस्थताही. अभिनयाचा कस लागायला आणखी काय हवे? लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’सारखा एकपात्री प्रयोग वेगळा, तिथे एक नट अनेक पात्रे उभी करतो. ऑडिशनमध्ये एकच माणूस खरा वाटला तरी पुरते.

भिवंडीच्या संदर्भात याहून महत्त्वाचा प्रश्न भाषेचा आहे. इथल्या एकाच वर्गात आगरी बोलणारा, घरी उर्दू बोलणारा आणि घरी तेलुगू बोलणारा विद्यार्थी शेजारी बसतात. ऑडिशनला उभे राहताना मात्र तिघेही आपला आवाज बाहेर ठेवून येतात. प्रमाण मराठीचा सराव नटाला हवाच, याविषयी वाद नाही. पण स्पष्ट उच्चार आणि उसना उच्चार या दोन भिन्न गोष्टी आहेत. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) गिरणगावातल्या कुटुंबाची कथा तिथल्याच बोलीत सांगते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे पुष्कळ काम भिवंडीच्या मागांकडे वळले, हे लक्षात घेतले तर ते नाटक इथल्या मुलांना परके वाटण्याचे कारण नाही. उर्दू बोलणाऱ्या मुलीला इस्मत चुगताई यांची कथा का देऊ नये? नसीरुद्दीन शाह यांच्या ‘मोटले’ संस्थेने ‘इस्मत आपा के नाम’मध्ये चुगताईंच्या कथा त्यांच्याच शब्दांत रंगमंचावर आणल्या आहेत.

परीक्षकाला त्या दोन मिनिटांत तयार नट पाहायचा नसतो; हे माणूस शब्दांमागचा अर्थ शोधू शकते का, एवढेच जोखायचे असते. तो शोध ऑडिशनच्या खूप आधी, ग्रंथालयात सुरू होतो. म्हणून यापुढे कुणी स्वगत मागितले, तर साहित्याच्या शिक्षकाने त्याच्या हाती झेरॉक्स न देता तीन नाटके द्यावीत आणि निवड त्याच्यावर सोपवावी. ऑडिशनमध्ये भूमिका मिळो वा न मिळो, तीन नाटके वाचलेला एक विद्यार्थी तरी वर्गात परत येईल.